राहिलेल्या गोळीचा हिशेब



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी फडताळात एक डबा असतो. मुळात तो बिस्किटांचा किंवा मिठाईचा; आता त्यात औषधे राहतात. अर्ध्या संपलेल्या गोळ्यांची पाकिटे, झाकण चिकटून बसलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, आणि कोणत्या दुखण्यासाठी आणली होती हे कोणालाच न आठवणारी मलमाची नळी. दिवाळीच्या साफसफाईत हा डबा उघडला जातो आणि "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून पुन्हा मिटला जातो. मी आज बोलणार आहे तो या डब्याविषयी. डॉक्टरने लिहून दिलेले औषध आणि रुग्णाच्या पोटात प्रत्यक्ष गेलेले औषध यांत जे अंतर पडते, ते या डब्यात साठत असते.

हे अंतर लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. रक्तदाब, मधुमेह, दमा यांसारख्या दीर्घ मुदतीच्या विकारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणारे रुग्ण श्रीमंत देशांतदेखील सरासरीने निम्मेच असतात, आणि गरीब देशांत त्याहून कमी, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. तेव्हा हा दोष खेडवळांचा किंवा अडाण्यांचा आहे, ही समजूत आपण प्रथम सोडून दिली पाहिजे. औषध चुकवण्यात शिकलेला आणि न शिकलेला असा भेद फारसा उरत नाही.

प्रश्न नवाही नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येक पायाचे चार गुण दिले आहेत. रुग्णाचे चार गुण असे: स्मृती, म्हणजे आठवण, निर्देशकारित्व, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे, अभीरुत्व, म्हणजे न भिणे, आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपल्या विकाराविषयी वैद्याला नीट सांगता येणे. आपण सगळे, आणि आम्ही वैद्यकवाले विशेषेकरून, दुसऱ्या गुणावर सारा भार टाकतो. रुग्णाने ऐकले पाहिजे, एवढेच आम्हांला ठाऊक. माझे आजचे म्हणणे असे की, या चारांत चौथा गुण सर्वांत मोलाचा आहे आणि त्याचीच आपल्याकडे सर्वांत अधिक आबाळ होते. राहिलेल्या गोळीने नुकसान होतेच. पण राहिली हे सांगितले नाही, तर ते कितीतरी पटींनी वाढते. कसे, ते आता क्रमाने पाहू.

आधी एक साधी शंका. औषध रोज, ठरल्या वेळी कशासाठी घ्यायचे? आठवड्याच्या गोळ्या एकदम घेतल्या तर? याचे उत्तर कोलाडकरांना पुस्तकात शोधावे लागत नाही. ते कुंडलिकेच्या काठी मिळते. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सोडले की सकाळी नदी फुगते, रबरी होड्यांचे शौकीन त्याच वेळी गर्दी करतात, आणि पाणी सोडणे थांबले की पात्रातले दगड पुन्हा उघडे पडतात. रक्तातल्या औषधाचे असेच असते. गोळी घेतली की पातळी चढते. यकृत आणि मूत्रपिंड ते औषध बाहेर टाकीत राहतात, म्हणून पातळी उतरते. ती फार उतरण्याच्या आत पुढची गोळी यावी, या हिशेबाने दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा असे ठरलेले असते. सात दिवसांचे पाणी एका दिवशी सोडले तर पूर येईल आणि उरलेले सहा दिवस होडी खडकाला लागेल.

आता जिथे हा हिशेब चुकला तर एकट्या रुग्णाचेच नव्हे, साऱ्या गावाचे नुकसान होते, अशा रोगाकडे वळू. तो म्हणजे क्षय.

क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसातील एका पोकळीत जंतूंची संख्या दहा कोटींच्या घरात जाऊ शकते. त्यांत आयसोनियाझिड या औषधाला जन्मतःच दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. रिफाम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एक. म्हणजे एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे थोडे शिल्लक राहून वाढतात. पण दोन्ही औषधे बरोबर दिली तर दोहोंतून निसटणारा जंतू किती? दहा लाखांना दहा कोटींनी गुणा, तेवढ्यांत एक. इतके जंतू कोणाच्याही शरीरात नसतात. क्षयावर तीन-चार औषधे एकत्र का देतात, याचे मर्म या गुणाकारात आहे. आता एखाद्याने त्यांतली एक गोळी "उष्ण पडते" म्हणून बाजूला ठेवली आणि बाकीची घेतली, तर हा गुणाकारच मोडतो. हल्ली निरनिराळी औषधे एकाच गोळीत एकत्र करून दिली जातात, ती याच धोक्यासाठी.

दुसरे असे की, क्षयाचे काही जंतू सुस्त पडून राहतात व हळूहळू मरतात. ताप आणि खोकला काही आठवड्यांत ओसरतो, वजन वाढते, भूक लागते. पण साधा क्षय असला तरी औषध सहा महिने चालू ठेवावे लागते. रुग्णाच्या दृष्टीने दुखणे गेलेले असते आणि औषध मात्र उरलेले असते. आजारी माणसाला औषध घेणे सोपे असते, बऱ्या वाटणाऱ्याला ते कठीण.

या प्रश्नाचा पहिला मोठा अभ्यास आपल्याच देशात झाला. पूर्वी क्षयरुग्णाला मिरजेजवळच्या वानलेसवाडीला किंवा पाचगणीला आरोग्यधामात पाठवीत. चांगली हवा, सकस अन्न, विश्रांती. पण रुग्ण लाखो आणि खाटा थोड्या. १९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषद, तेथील सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र उघडले. शहरातल्या गरीब वस्तीतील १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला: दाटीच्या खोलीत, अपुऱ्या अन्नावर राहूनही घरच्या रुग्णांचा निकाल आरोग्यधामातल्या रुग्णांच्या जवळपास आला. गुण हवेचा नव्हता, औषधाचा होता. साऱ्या जगातील क्षयोपचार या एका प्रयोगाने आरोग्यधामातून घरी आणला.

पण औषध घरी आले तशी त्याची जबाबदारीही घरी आली. त्या काळी आयसोनियाझिडबरोबर पॅस नावाचे औषध दिले जाई. त्याची मात्रा ग्रॅमवारी मोजण्याइतकी मोठी, पोटात मळमळे. मद्रासच्या डॉक्टरांनी न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली. औषध घेतले असेल तर ठराविक रसायनाने लघवीचा रंग बदले. त्यांना दिसले की, रुग्ण जे सांगतो आणि लघवी जे सांगते, ते नेहमी जुळत नाही. यातून पुढे आरोग्यसेवकाच्या समोर औषध देण्याच्या पद्धतीचे प्रयोग मद्रासलाच झाले. १९९७पासून देशभर पसरत गेलेली 'डॉट्स' योजना ही त्याच विचाराची पुढची पायरी होती. तीत आठवड्यातून तीनदा औषध असे. २०१७पासून ते पुन्हा रोजचे झाले.

समोर गोळी गिळायला लावली की प्रश्न सुटला, असे आपणांस वाटेल. पण निरनिराळ्या देशांतील चाचण्या एकत्र ठेवून पाहिल्या, तेव्हा केवळ पहाऱ्याने रोग बरा होण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढते, असे आढळले नाही. कारण उघड आहे. पहारा ठेवता येतो तो केंद्रावर पोचलेल्या रुग्णावर; जो पोचलाच नाही, त्याचे काय? आपल्या रोहा तालुक्यातील कातकरी कुटुंबांचे उदाहरण घ्या. दिवाळी झाली की ती वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कार्तिकात सुरू झालेला सहा महिन्यांचा उपचार भट्टीच्या हंगामाशी नेमका आडवा येतो. ते कुटुंब औषध टाळत नसते. पोटाच्या मागे जात असते. जाण्यापूर्वी "आम्ही चाललो" एवढे आरोग्यकेंद्रात सांगितले गेले, तर आज 'निक्षय' या सरकारी नोंदवहीत रुग्णाचा क्रमांक असतो आणि त्यावरून दुसऱ्या ठिकाणच्या केंद्रात औषध चालू ठेवता येते. सांगितलेच नाही, तर नोंदवहीत त्याच्या नावापुढे शेरा पडतो आणि रोग मोकाट सुटतो. एका वाक्याचा फरक असतो. पण ते वाक्य बोलायचे तर बोलणाऱ्याला रागावले जाण्याची भीती असता कामा नये.

दोष नेहमी रुग्णाचाच असतो असेही नव्हे. मुंबईच्या धारावीतील १०० खासगी डॉक्टरांना क्षयावर काय औषध द्याल, असे विचारले होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत त्यांनी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, मुंबईच्या १०६ डॉक्टरांची तशीच पाहणी प्रसिद्ध झाली. तेव्हा ६३ योजना निघाल्या आणि बिनचूक लिहिणारे अवघे सहा. अशा वेळी रुग्णाने सांगितलेले तंतोतंत केले असते, तरी त्याचे काय झाले असते, याचा विचार करावा. निर्देश चुकीचा असेल तर निर्देशकारित्व हा गुण तारत नाही.

आता भीतीविषयी. कुष्ठरोगाइतकी भीती दुसऱ्या कोणत्या रोगाला चिकटली नसेल. आपल्या जिल्ह्यात पनवेलजवळ नेरे येथे १९५१पासून कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन उभे आहे. त्या काळी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे. अनेकांचे ते सुटे आणि जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून १९८०च्या दशकात तीन औषधांचा एकत्रित उपचार आला. त्याची मांडणी शहाणपणाची आहे. महिन्यातून एकदा मोठी मात्रा आरोग्यसेवकासमोर, बाकीचे सत्तावीस दिवस घरी; आणि पाकिटात गोळ्या तारीखवार बसवलेल्या. परंतु त्यांतल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. शेजारीण विचारते, "तोंडावर हे काय गं?" आणि ज्या गोष्टीसाठी औषध घ्यायचे, तीच गोष्ट औषधाने उघडी पडेल असे त्या बाईला वाटते. तिचे औषध थांबते ते विसरल्याने नव्हे. तिला घड्याळ देऊन उपयोग नाही. काही महिन्यांत रंग पूर्ववत होतो हे सांगणारा माणूस हवा, आणि त्याआधी ही लाज तिला बोलून दाखवता आली पाहिजे.

येथवर रोजच्या उपचाराचे झाले. संशोधनात हाच प्रश्न अधिक अवघड होऊन बसतो, कारण तेथे एका रुग्णाने न सांगितलेली गोष्ट हजारोंच्या निर्णयात शिरते.

२००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे या देशांत ५,०२९ स्त्रियांवर एक चाचणी झाली. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज औषध घ्यायचे होते. केंद्रात परत आलेली औषधे मोजली तेव्हा शेकडा ८६ औषध वापरले गेल्याचा हिशेब निघाला. प्रत्यक्ष रक्त तपासले तेव्हा शेकडा ३० किंवा त्याहून कमी नमुन्यांत औषध सापडले. उरलेल्या गोळ्या कुठेतरी टाकून रिकामे डबे परत आले होते. चाचणीचा निकाल लागला की औषध निरुपयोगी. पण तेच औषध खरोखर घेणाऱ्यांना वाचवते, हे त्याच सुमारास दुसऱ्या चाचणीत दिसले होते. नंतर या स्त्रियांपैकी काहींना त्यांच्या रक्ताचे निकाल दाखवून, दोष न देता, पुन्हा विचारले. तेव्हा त्या बोलत्या झाल्या: औषधाची भीती, नवऱ्याचा संशय, आणि गोळ्या पाहून लोक आपल्यालाच तो रोग आहे असे समजतील ही धास्ती. सारे कळले, पण चाचणी संपल्यावर.

कोणी म्हणेल, मग ज्यांनी औषध घेतले तेवढ्यांचाच हिशेब करावा. तेही चालत नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९८० साली प्रसिद्ध झाला. काहींना क्लोफायब्रेट हे औषध, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांत शंभरामागे सुमारे १५ मृत्यू, अनियमितांत सुमारे २५. औषधाचाच प्रताप, असे वाटले असते. पण औषध नसलेली गोळी नियमित घेणाऱ्यांतही १५च मृत्यू होते आणि ती चुकवणाऱ्यांत २८. गोळीत काही नव्हतेच! तेव्हा नियमित गोळी घेणारा माणूस हा इतर बाबतींतही वेगळा असतो. कदाचित त्याचे खाणेपिणे, झोप, घरचा आधार वेगळा असेल. कदाचित तो मुळातच कमी आजारी असेल. म्हणून संशोधनात घेणारे आणि न घेणारे सगळेच हिशेबात धरावे लागतात. आणि म्हणूनच कोणी किती घेतले, याची खरी माहिती सोन्याच्या मोलाची असते.

ती मिळवण्यासाठी यंत्रे पुष्कळ निघाली आहेत. उघडल्याची वेळ टिपणारे बाटलीचे झाकण आहे. आपल्याकडे क्षयाच्या गोळ्यांना असे वेष्टन दिले गेले की, गोळी काढल्यावर आतला दूरध्वनी क्रमांक दिसावा आणि रुग्णाने त्यावर विनाखर्चाचा फोन करावा. मुंबई, चेन्नई व वेल्लोर येथे रुग्णांच्या घरी अवचित जाऊन लघवी तपासली, तेव्हा फोनची नोंद आणि लघवीची साक्ष अनेकदा जुळली नाही. झाकण उघडणे म्हणजे गोळी घेणे नव्हे, आणि फोन न करणे म्हणजे गोळी चुकवणेही नव्हे. यंत्र झाकणाची हकीकत सांगते. माणसाची हकीकत माणसानेच सांगायला हवी.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. समजा, धाटावच्या कारखान्यात पाळीने काम करणारा एक गृहस्थ आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची. पण रात्रपाळीच्या आठवड्यात त्याची सकाळ झोपेत जाते, आणि आठवड्यातून तीन गोळ्या राहतात. डॉक्टर विचारतात, "गोळ्या घेता ना?" तो म्हणतो, "हो." दाब चढलेला, म्हणून डॉक्टर दुसरी गोळी वाढवतात, पुढच्या खेपेस तिसरी. खर्च वाढतो, तसा हा एक दिवसाआड घेऊ लागतो. मग काही निमित्ताने तो रुग्णालयात दाखल होतो. तेथील परिचारिका कागदावर लिहिलेल्या तिन्ही गोळ्या वेळेवर देते. दाब एकदम उतरतो, भोवळ येते, माणूस पडतो. येथे कोणी हयगय केली? डॉक्टरने कागद पाहून औषध दिले, परिचारिकेने कागदाप्रमाणे दिले. चूक शिरली ती त्या एका "हो"मध्ये.

आणि खरे पाहता, त्या "हो"मध्येही नव्हे. ती शिरली प्रश्नातल्या "ना"मध्ये. आपल्या मराठीत वाक्याच्या शेवटी "ना" आला की उत्तर आधीच ठरलेले असते. "जेवलास ना?" "बरे आहात ना?" याला "नाही" म्हणणे हा जवळजवळ उद्धटपणा. तेव्हा मी माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच विनवीन की, हा "ना" टाकून द्यावा. "गोळ्या कोणाच्याही राहतात, गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?" असे विचारावे. आकडा आला की कारण येते, आणि कारण आले की उपाय सुचतो. रात्रपाळीवाल्याला गोळी निजण्यापूर्वी घेता येईल का, महागडीच्या जागी स्वस्त चालेल का, उपासाच्या दिवशी काय करावे, हे ठरवता येते.

आपणां श्रोत्यांनाही थोडे सांगतो. दवाखान्यात जाताना तो फडताळातला डबा बरोबर न्यावा. तो आपल्यापेक्षा खरे बोलतो. गोळी परवडत नसेल तर ती गुपचूप अर्धी करू नये. परवडत नाही असे सांगावे, त्यात कमीपणा नाही. एक गोळी राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. कोणत्या औषधात काय करायचे, हे आधीच विचारून ठेवावे. फेफऱ्याची, स्टेरॉइडची व काही रक्तदाबाची औषधे एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. स्वतःला लागू पडलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नये. आठवणीसाठी गोळी रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या गोष्टीला बांधावी: सकाळच्या चहाला, संध्याकाळच्या दिव्याला. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना "औषध घेतले ना?" असे दाराआडून विचारण्याऐवजी दोन मिनिटे जवळ बसावे. त्या दोन मिनिटांत, गोळीने तोंड कडू होते, रात्री चारदा उठावे लागते, मुलाचा खर्च नको वाटतो, असे काहीतरी बाहेर येते. तेच डॉक्टरला हवे असते.

चरकांनी रुग्णाच्या गुणांत आज्ञापालन सांगितले, तसेच न भिणे आणि सांगता येणे हेही सांगितले. हे दोन गुण रुग्णाने एकट्याने आणायचे नसतात; समोरच्याने विचारले तसे ते येतात. ऐकून घेणारा रागीट असेल तर धीट माणूसही "हो" म्हणतो. म्हणून राहिलेल्या गोळीचा हिशेब हा गुन्ह्याचा पंचनामा होऊ नये. तो वाण्याच्या वहीतल्या बाकीसारखा सरळ, न लाजता मांडता यावा. उद्या सकाळी आपण तो डबा उघडाल आणि आतल्या गोळ्या मोजाल, तर माझे येथवर येणे कारणी लागले असे मी समजेन.